फिरत्या वहीतलं माझं ‘पाहिलं’

हे मी मराठीत लिहिते आहे, कारण आमच्या घरात मराठी वाचणारी आता मी एकटीच उरले आहे. मुलांना बोललेलं समजतं, पण अक्षर लागत नाही. नवऱ्याला सही तेवढी येते. त्यामुळे ही वही पेटीत ठेवली काय आणि टेबलावर उघडी टाकली काय, सारखंच. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. मराठी मी शाळेत नाही, देवळामागच्या खोलीत संध्याकाळी शिकले. चुका असतील तर त्या माझ्या मलाच दिसतील.

आमच्या या बेटाच्या स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. नवरा तेव्हा पोर्ट लुईच्या बंदरात माल उतरवायचा. एका जहाजातून लाकडाचे ओंडके आले, कुणी म्हणे ब्राझीलहून. ते हलवताना सालीखालून पंज्याएवढे केसाळ कोळी निघाले. बऱ्याच जणांनी ते बुटाखाली चिरडले. पाच-सहा जणांनी मात्र बिस्किटांच्या डब्यात भरून घरी नेले. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आमचा डबा नवऱ्याने ओट्यावर ठेवला आणि हात खाजवत म्हणाला, “घे, तुला सोबत आणलीय. ही पण तुझ्यासारखी, तोंडातून शब्द नाही.”

त्या कोळ्याचे केस त्याच्या मनगटाला लागले होते. आठवडाभर खाजवत होता.

मी घाबरले नाही, याचं मलाच नवल वाटलं. मला माणसांची भीती वाटायची. पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात. दुकानात कोणी पुढे घुसलं तरी मी मागेच उभी. त्या कोळ्यापुढे मात्र मी तासभर बसू शकायची. दुकानातून गोळ्यांची रिकामी काचेची बरणी आणली, आडवी ठेवली, उसाच्या शेतातली माती घातली, नारळाची अर्धी करवंटी उपडी ठेवली. परसातल्या शुशूच्या भाजीच्या वेलाखाली नाकतोडे पकडायचे आणि आत सोडायचे. जाऊ दारातून ओरडायची, “माणसांशी बोलायला जीभ नाही आणि किड्याला घास भरवते बघा!”

पुढे कळलं की माएबूर्गला एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांनाही भाच्याने असाच एक कोळी दिलाय. त्यांनी एक जाड पुठ्ठ्याची वही घेतली आणि सगळ्या कोळी पाळणाऱ्यांत फिरवायला काढली. आम्ही सहा घरं होतो. वही प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली यायची, कधी बंदरातून नवऱ्याबरोबर, कधी बसच्या कंडक्टरकडून. चार दिवस ठेवायची, आधीच्यांचं वाचायचं, आपलं लिहायचं, पुढच्या घरी पाठवायची. ज्याला काही लिहायचं नसेल त्याने फक्त ‘पाहिलं’ असं लिहून तारीख टाकायची. मास्तरांनी पहिल्या पानावर हे नियम लाल शाईने लिहिले होते. वही फ्रेंचमध्ये चालायची. क्रेओल, म्हणजे इथली रोजची बोली, लिहिलेली मास्तरांना आवडत नसे, तरी बाकीचे लिहायचे.

पहिल्यांदा वही आली तेव्हा मी ती हात धुऊन उघडली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपल्यासारखी माणसं आहेत. त्यांच्या दारात जावं लागत नाही, तोंड दाखवावं लागत नाही, आणि तरी त्यांच्यात बसता येतं. मी लिहिलं, मी चौथी शिकले आहे, चुका माफ कराव्यात, माझा कोळी ठीक आहे.

पण ते सगळे एकमेकांशी भांडतच असायचे. पाणी वाटीत द्यावं की ओल्या कापसात, यावर वही दोन फेऱ्या फिरली. वाटीवाला कापूसवाल्याला अडाणी म्हणाला. कापूसवाल्याने लिहिलं की वाटीत तुझ्यासारखेच बुडतात. एकाने बरणीत लाल फूल ठेवलं होतं, तर मास्तरांनी अर्धं पान लिहिलं की कोळी म्हणजे नवरी नव्हे. नवीन माणसाने काही विचारलं की आधी त्याला झापायचं, मग उत्तर द्यायचं, अशी रीतच पडली होती. एका हमालाच्या बायकोने कोळी घरातून हाकलला, तर त्याच्यावर चौघांनी चार पानं लिहिली. तो कोळी मग बों अक्योयला एका घरी गेला. त्या घराविषयी मला पुढे लिहायचंच आहे.

त्याआधी माझ्या घरातलं सांगते. वर्ष होत आलं तेव्हा माझ्या कोळ्याने खाणं सोडलं. मादी होती ती, निदान मास्तर तसं म्हणायचे. महिना गेला, दीड महिना गेला. करवंटीच्या तोंडाशी तिने जाळं विणलं आणि आत बसून राहिली. एका सकाळी बघते तर ती उताणी पडलेली, आठही पाय वर.

नवरा कामाला निघाला होता. वाकून बघितलं आणि म्हणाला, “मेली. परसात टाकून दे, वास मारेल.”

माझे दोन्ही हात फराट्याच्या पिठात होते. म्हणून, केवळ म्हणून, मी तिला लगेच उचललं नाही. फराटे लाटले, भाजले, मुलांना शाळेत पाठवलं, हात धुतले आणि रडत रडत बरणीपाशी आले. ती हलत होती. पाठीवरचं कवच झाकणासारखं उघडलं होतं आणि त्यातून ती एकेक पाय ओढून काढत होती, घट्ट झंपरच्या बाहीतून हात काढावा तसा. नवे पाय पांढुरके आणि ओले होते. मी पाटावर बसले ते दुपारपर्यंत उठले नाही. शेवटी एकीच्या जागी दोघी दिसायला लागल्या. एक रिकामी आणि एक जिवंत. ती रिकामी कात मी पावडरच्या डबीत कापसावर ठेवली.

वही आल्यावर मी ते लिहिलं. तीन दिवस लागले, कच्चं आधी कागदावर केलं. नऊ ओळी झाल्या. तिने खाणं सोडलं, उताणी झाली, मेली नव्हती, कात टाकली, कोणाचा कोळी उताणा झाला तर हात लावू नका.

पुढच्या फेरीत वही आली तेव्हा माझ्या नऊ ओळींखाली पानभर मजकूर होता. मास्तरांनी माझ्या फ्रेंचच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं की साप कात टाकतो, एवढा मोठा कोळी टाकत नाही. मादामच्या बरणीत दोन कोळी असावेत आणि एकाने दुसऱ्याला खाल्लं असावं. कापूसवाल्याने लिहिलं, “मादामने स्वयंपाकातली रम जरा चाखली का?” वाटीवाल्याला कापूसवाल्याचं कधी पटत नसे, पण या वेळी पटलं. त्याने लिहिलं, “चौथीच्या वर्गात मेलेले उठून बसतात वाटतं.”

मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो हसला नाही. म्हणाला, “डबीतली कात वहीला चिकटवून पाठव. मग बघू काय लिहितात.”

“नको.”

“का नको?”

“फाटेल ती.”

कात फाटेल याची मला मुळीच काळजी नव्हती. पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघावं हे मला नको होतं. त्यानंतर वही आली की मी एकच शब्द लिहायची. पाहिलं. खाली तारीख.

असं सातआठ महिने चाललं. मग बों अक्योयच्या घरून लिहिणं सुरू झालं. लिहिणारी मुलगी असेल बावीस-तेवीस वर्षांची, आमच्यासारख्याच मराठी घरातली. तिचे वडील साखर कारखान्यात होते, तिथे कमरेला मार बसला आणि तेव्हापासून खुर्चीत. हमालाच्या बायकोने हाकललेला कोळी यांच्याकडे आला होता. मुलीने लिहिलं होतं, “बाबा तिला सूनबाई म्हणतात, कारण कोणी आलं की आत जाऊन बसते. दिवसभर तिच्याकडे बघत असतात. पूर्वी भिंतीकडे बघायचे.” कापूसवाल्याने त्यावरही काहीतरी खवचट लिहिलं होतं. मला मात्र ते वाक्य फार आवडलं. मी ते दोनदा वाचलं आणि खाली लिहिलं, पाहिलं.

पुढच्या फेरीत तिने विचारलं. सूनबाई दोन महिने जेवत नाही, करवंटीच्या तोंडाशी जाळं विणून आत बसली आहे, रंग काळपट झालाय, बाबा स्वतःही नीट जेवत नाहीत, काय करू ते लवकर सांगा.

वही तिच्याकडून बाकीच्या घरांतून फिरत मास्तरांकडे जायची, मास्तरांकडून आमच्याकडे आणि आमच्याकडून परत बों अक्योयला. म्हणजे तिच्या हातात पडण्याआधी शेवटची मी.

बाकीच्यांनी मास्तरांना विचारा म्हणून सोडून दिलं होतं, आणि मास्तरांनी लिहिलं होतं की हे म्हातारपण आहे. आता ती फार दिवस काढणार नाही. एका सकाळी उताणी दिसेल, तेव्हा वास येण्याआधी लगेच रमच्या बरणीत घालावी, म्हणजे नमुना चांगला टिकतो.

मी ते न्हाणीच्या दारात उभी राहून वाचलं. मला सगळं माहीत होतं. ती कात टाकणार होती. एक ओळ पुरे होती, मरत नाहीये, हात लावू नका. क्रेओलमध्ये लिहिली असती तरी चाललं असतं. मराठीत लिहिली असती तरी त्या घरात कोणीतरी वाचली असती.

वही चार दिवस पत्र्याच्या ट्रंकेवर पडून होती. मी लाजले, असं मी पुढे कितीदा तरी स्वतःला सांगितलं. लाजले हे खोटं नाही, पण खरं तेवढंच नाही. इथे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. मला आतून बरं वाटत होतं. मनात येत होतं, आता बघू दे मास्तरांना. उताणी होईल, कात टाकेल, सरळ होईल आणि मग सगळ्या वहीला कळेल की चौथीवाली खरं बोलत होती. मला काही लिहावं लागणार नाही, सूनबाईच माझ्या वतीने उत्तर देईल. रमच्या बरणीचा मी विचारच केला नाही. वाचलं होतं, पण त्याचा विचार केला नाही.

चौथ्या दिवशी पाटावर बसून मी पेन उघडलं आणि लिहिलं, पाहिलं. तारीख टाकली. पिशवीला गाठ मारली.

पाच आठवड्यांनी वही परत आली. मुलीचं अक्षर छान होतं, ओळी सरळ. तिने मास्तरांचे आभार मानले होते. “मिस्ये, तुम्ही म्हणालात तसंच झालं. सकाळी उताणी होती. मी लगेच रममध्ये घातली. बाबांना वाटलं की तिचा पाय हलला. मी म्हटलं, बाबा, भास आहे.” त्याखाली सगळ्यांनी दुःख व्यक्त केलं होतं. पहिल्यांदाच त्या वहीत कोणी कोणाला टोमणा मारला नव्हता. मास्तरांच्या अनुभवाची तारीफ होती.

मी भात करपवला त्या दिवशी. नवऱ्याने विचारलं तर म्हटलं, डोकं दुखतंय.

वहीत मी काहीच लिहिलं नाही, ‘पाहिलं’सुद्धा नाही. तशीच पुढे पाठवली. आठवडाभराने एका सकाळी मी माझ्या कोळ्याला बिस्किटाच्या डब्यात घेतलं, झाकणाला खिळ्याने भोकं पाडली, पावडरची डबी पिशवीत ठेवली आणि नवऱ्याला सांगितलं की बों अक्योयला जाऊन येते.

“एकटी?”

“हो.”

आमच्या लॉंग माउंटन गावाच्या बाहेर मी एकटी कधी गेले नव्हते. दोन बस बदलाव्या लागल्या. कंडक्टरने मांडीवरच्या डब्याकडे बघून विचारलं, “काय, केक का?” मी हो म्हटलं. खोटं बोलायला मला कधी त्रास झालेला नाही, खरं बोलायलाच होतो.

घर शोधायला वेळ लागला नाही. खुर्चीतला बाप दारातच बसलेला होता. मी कोण ते सांगायला सुरुवात केली ती क्रेओलमध्ये, मान खाली घालून.

“मराठी ना तू?” तो म्हणाला. “मग क्रेओलमध्ये कशाला लाजतेस, मराठीत लाज. ये बाय, बस.”

मुलगी आतून आली. “वहीतल्या काकी? तुम्ही ते फक्त ‘पाहिलं’ लिहिता, त्याच ना?”

“हो.”

रेडिओशेजारी फळीवर ती बरणी होती. तिने स्वतःच उतरवून माझ्या हातात दिली. “बघा, रममध्ये कातडी कशी सुटलीय तिची.”

पाठीवरचं कवच उघडलेलं होतं. पुढचे तीन पाय अर्धे बाहेर आलेले, पांढुरके. बाकीचे आतच होते. रम पिवळसर झाली होती. मी बरणी परत फळीवर ठेवली.

बिस्किटाचा डबा मी बापाच्या पायाशी ठेवला आणि झाकण उघडलं. तो खाली वाकला तसा कमरेतून कळ आली असावी, पण हसला. “आयो! ही कोण, धाकटी सून?”

“तुमच्यासाठी आणलीय,” मी म्हटलं. मग पावडरची डबी उघडून कात दाखवली. सांगायला लागले ते थांबवेचना. खाणं सोडते, जाळं विणते, मग उताणी होते. तेव्हा हात लावायचा नाही. मेलेली नसते. अर्ध्या दिवसात नवी होऊन उठते.

मुलगी चहाचं पाणी चुलीवर ठेवून वळली, ती तिथेच उभी राहिली. तिने कातीकडे बघितलं, मग फळीवरच्या बरणीकडे.

“काकी, तुम्हाला हे कधी कळलं?”

“मागच्या वर्षी.”

“मग वहीत लिहिलं का नाही?”

“लिहिलं होतं. तू यायच्या आधी. सगळे हसले.”

“मी विचारलं तेव्हा वही तुमच्याकडे होती. चार दिवस होती ना?”

“हो.”

“मग?”

ते मास्तरांना खोटं पाडायचं होतं वगैरे तिथे कसं सांगणार होते? मी पदराचं टोक धरून उभी राहिले. चुलीवर पाणी उकळत होतं, ते कोणी उतरवलं नाही.

बाप म्हणाला, “पाय हलला होता, म्हटलं होतं ना मी.” तो रागावून बोलला नाही. कारखान्यात असताना कोणी चूक केली की नंतर सांगावं, तसं म्हणाला. म्हणूनच मुलगी रडायला लागली.

डोळे पुसून ती आत गेली आणि फिरती वही घेऊन आली. मी आठवड्यापूर्वी पाठवलेली ती, सांत्वनाचं वाचायला म्हणून त्यांनी अजून ठेवून घेतली होती. तिने ती टेबलावर उघडली आणि माझ्यापुढे पेन ठेवलं. “लिहा. आत्ता लिहा.”

मी लिहिलं. तिच्या आणि तिच्या बापाच्या समोर, क्रेओलमध्ये. कात कशी टाकते ते सगळं लिहिलं आणि बों अक्योयचा कोळी म्हातारपणाने मरत नव्हता, मला ते माहीत होतं, मी सांगितलं नाही, हेही लिहिलं. या वेळी तीन दिवस लागले नाहीत, पाव तास लागला. माझी कात तिने सुईदोऱ्याने पानाला टाचली. मग मी लिहिलेलं तिने उभ्याने वाचलं, पेन घेतलं आणि माझ्या ओळींखाली एकच शब्द लिहिला. पाहिलं. तारीख टाकली.

“धाकटीला परत न्या,” ती म्हणाली. “बाबांना पुन्हा असं काही नको.”

मी झाकण उचललं तर बापाने हात वर केला. “बस येईपर्यंत राहू दे गं.”

बस यायला तास होता. आम्ही तिघं बसलो. निघायच्या वेळी बाप म्हणाला, “पुढच्या वेळी कात टाकली की मला दाखवायला आण, बाय. मी कधी पाहिली नाही अशी सगळी बाहेर आलेली.”

मी हो म्हटलं.

वही त्यानंतर आमच्याकडे एकदाच आली. वाटीवाला आणि कापूसवाला दोघेही गप्प होते. मास्तरांनी लाल शाईने लिहिलं होतं की ज्यांना अनुभव आहे त्यांनी तो वेळेवर कळवावा. माझं लिहिणं या वेळी फ्रेंचमध्ये नव्हतं, म्हणून चुका दुरुस्त करायला काही नव्हतं. मास्तर खोटे पडले होते. ज्याची मी वाट बघितली ते झालं होतं, आणि मी ते पान पटकन उलटलं. पुढे वही मध्येच कुठे तरी थांबली. कोणाकडे, ते मी विचारलं नाही.

माझी कोळीमादी अजून आहे. नवऱ्याचं बंदरातलं काम सुटलं, थोरली मुलगी सासरी गेली, तरी ती आहे. दर वर्षी खाणं सोडते आणि एका सकाळी उताणी होते. मी पाटावर बसते आणि हातातलं काम टाकते. पहिला पाय हलला की मला बों अक्योयची बरणी दिसते.

मागच्या महिन्यात ओळखीचा एक कंडक्टर म्हणाला की तो म्हातारा अजून दारातच बसतो आणि कोणी लॉंग माउंटनचं भेटलं की विचारतो, त्या बाईच्या कोळ्याचं काय झालं.

बों अक्योयहून आल्यापासून तिने सहा वेळा कात टाकली, पण मी तिथे पुन्हा गेले नाही. सहाही पावडरच्या डब्यांत कापसावर ठेवल्या आहेत, कपाटात वरच्या फळीवर. एकही अजून फाटलेली नाही.